परदेशची 'उन्हाळी नोकरी' आणि मधला थांबा

मार्च सरत आला की माझ्या दवाखान्यात एका विशिष्ट प्रकारच्या रुग्णांची ये-जा वाढते. त्यांना दुखत-खुपत काही नसते. हातात जुनी चिठ्ठी असते, 'सहा महिन्यांची औषधे एकदम लिहून द्या' अशी मागणी असते आणि चेहऱ्यावर आनंद व धास्ती एकाच वेळी दिसत असतात. लेकीचे किंवा सुनेचे बाळंतपण जवळ आलेले असते. बाळंतपण नसेल तर शाळेची सुटी असते. अमेरिकेच्या पूर्व भागातल्या शाळा साधारण जूनच्या उत्तरार्धापासून सप्टेंबरच्या आरंभापर्यंत बंद असतात आणि दोघेही नोकरी करणाऱ्या आईबापांपुढे मुलांना दिवसभर कोणाकडे ठेवायचे हा प्रश्न उभा राहतो. मग इकडून आजी-आजोबा निघतात. एका निवृत्त शिक्षिका काकूंनी या प्रकाराला नावच देऊन टाकले आहे: 'उन्हाळी नोकरी'. पगार नाही, किरकोळ रजा नाही आणि कामावर हजर होण्यासाठी निम्मी पृथ्वी ओलांडायची, असे त्या हसत हसत सांगतात.

थट्टेचा भाग सोडला, तरी हा शब्द मला फार उपयोगी वाटतो. कोणत्याही नोकरीवर रुजू होण्यापूर्वी माणसाची शारीरिक तपासणी होते, कामाचे तास विचारले जातात, प्रवासाची सोय पाहिली जाते. या नोकरीत यातले काहीच होत नाही. तिकीट मुले काढतात, तेही बहुधा स्वस्तात स्वस्त पाहून. आणि आपल्याला फक्त तारीख कळवली जाते. आपण साठी-सत्तरीत असाल आणि यंदा असे निघणार असाल, किंवा आपल्या आईवडिलांना बोलावून घेणार असाल, तर तिकीट काढण्याआधी पुढील मजकूर वाचावा.

प्रवास नेमका किती तासांचा?

तिकिटावर तीन तास, मग चार तासांचा थांबा, मग चौदा तास असे आकडे असतात. शरीर मात्र घराचा उंबरा ओलांडल्यापासून तास मोजते. पुण्याहून न्यूयॉर्कला दुबईमार्गे निघालेल्या एका जोडप्याचा हिशोब मांडून पाहू. संध्याकाळी सहाला घरून मोटारीने निघाले, दहाला मुंबईच्या विमानतळावर पोहोचले. विमान पहाटे चारचे. म्हणजे पहिली रात्र विमानतळावरच्या खुर्चीत गेली. तीन तासांनी दुबई, तिथे चार तास, पुढे चौदा तासांचे उड्डाण, मग प्रवेशतपासणीच्या रांगेत आणि सामानासाठी दोन तास, लेकीच्या घरापर्यंत आणखी एक तास. दाराची घंटा वाजते तेव्हा तिथे दुसऱ्या दिवशीचे संध्याकाळचे साडेसहा झालेले असतात. आपल्या शरीराच्या घड्याळात त्याच्याही पुढच्या दिवशीचे पहाटेचे चार वाजलेले असतात. एकूण चौतीस तास. कोल्हापूर, नांदेड किंवा सावंतवाडीहून निघणाऱ्यांनी यात आपापली भर घालावी. शक्य असेल तर मुंबईत कोणा आप्ताकडे एक दिवस आधी येऊन दुपारी चांगली झोप घ्यावी. एवढ्या साध्या गोष्टीने पुढचा प्रवास पुष्कळ सुसह्य होतो.

विमानाच्या आतली हवा हाही एक विषय आहे. विमान कितीही उंच उडत असले, तरी आतला दाब साधारण सहा ते आठ हजार फुटांवरच्या डोंगराइतका ठेवलेला असतो. म्हणजे आपण चौदा तास सिमल्याच्या उंचीवर बसलेले असतो, पण तिथल्या मोकळ्या हवेविना. आणि आतली हवा वाळवंटासारखी कोरडी असते. निरोगी माणसाला हे जाणवतही नाही. ज्यांना जिना चढताना धाप लागते, दम्याचा किंवा धूम्रपानाने झालेला जुना फुप्फुसाचा विकार आहे, हृदय दुर्बळ आहे, रक्त कमी आहे, त्यांच्या रक्तातला प्राणवायू मात्र चिंता वाटावी इतका उतरू शकतो. अशांनी निदान महिनाभर आधी आपल्या डॉक्टरांकडे जाऊन 'मी विमानाने जाऊ का?' असा सरळ प्रश्न विचारावा. स्वतःचा प्राणवायूचा सिलिंडर विमानात नेता येत नाही. विजेवर चालणारे छोटे प्राणवायू यंत्र कंपनीच्या पूर्वपरवानगीने नेता येते. नुकताच हृदयविकाराचा झटका आला असेल, स्टेंट बसवला असेल किंवा कोणतीही शस्त्रक्रिया झाली असेल, तर लेकीची तारीख कितीही जवळ आली असली तरी ज्यांनी उपचार केले त्यांच्या लेखी संमतीशिवाय निघू नये.

थांबा कुठे आणि केवढा?

'मधे उतरायची दगदग नको, थेट विमानच बरे' असे बहुतेकांना वाटते. ज्यांना चालताना त्रास होतो, विमानतळावरच्या पाट्या वाचता येत नाहीत किंवा विसरायला होते, त्यांच्यासाठी ते खरेही आहे. परंतु थेट विमानात पंधरा-सोळा तास एका खुर्चीत बसणे हेही काही हलके काम नव्हे. पायावर सूज येणाऱ्यांना, पूर्वी शिरेत रक्ताची गाठ झालेल्यांना आणि दर दोन तासांनी लघवीला जावे लागणाऱ्यांना मधला थांबा उपकारक ठरतो, मात्र तो योग्य ठिकाणी हवा. आखाती देशांतला थांबा तीन तासांनी येतो आणि लांबचा टप्पा तसाच पुढे उभा राहतो. युरोपातला, म्हणजे फ्रँकफुर्टसारखा थांबा, प्रवासाचे जवळजवळ दोन सारखे भाग करतो. तिकिटात थोडा फरक पडत असेल, तर माझा कौल युरोपला आहे. मुलांनी हा फरक सोसावा.

थांबा दीड तासाचा असेल तर ते तिकीट मुळीच घेऊ नये. चाकाच्या खुर्चीची सोय घेतलेला प्रवासी विमानातून सर्वांत शेवटी उतरवला जातो, पुन्हा सुरक्षातपासणी होते आणि पुढचे दार कधी कधी पाऊण किलोमीटरवर असते. दुसऱ्या टोकाला नऊ-दहा तासांचा थांबा आहे. तो वृद्ध माणसाला शिक्षाच असते. तीन ते चार तास हा मला बरा वाटतो. अबुधाबीमार्गे जाणाऱ्यांनी एक गोष्ट लक्षात ठेवावी. अमेरिकेच्या प्रवेशाची तपासणी तिथेच, विमानात बसण्यापूर्वी होते. त्यामुळे तिथे अधिक वेळ हाताशी हवा. आणि ज्यांचा दुसरा थांबा अमेरिकेतच आहे, त्यांना पहिल्या विमानतळावर आपल्या बॅगा स्वतः उतरवून घेऊन पुन्हा सोपवाव्या लागतात. तेवीस किलोची बॅग फिरत्या पट्ट्यावरून ओढताना कंबर धरली गेल्याची तक्रार मी अनेकदा ऐकली आहे. तिथे मदतनिसाला सांगावे. संकोच करू नये.

चाकाच्या खुर्चीचा संकोच तर सर्वांत आधी सोडावा. 'मी काही पांगळी नाही' असे म्हणणाऱ्या काकू मला दरवर्षी भेटतात. ही सोय पांगळ्यांपुरती नाही. लांब चालणे ज्यांना झेपत नाही, त्यांच्यासाठीही आहे. ती तिकिटाबरोबरच, निदान अठ्ठेचाळीस तास आधी नोंदवावी आणि नोंदवताना आपल्याला पायऱ्या चढता येतात की नाही, आसनापर्यंत चालता येते की नाही, हे नीट सांगावे, कारण त्यावरून वेगळ्या प्रकारची मदत ठरते. या सोयीतली एक उणीवही आपल्याला ठाऊक असावी. थांब्याच्या विमानतळावर अशा प्रवाशांना एका जागी आणून बसवतात आणि पुढच्या विमानाची वेळ होईपर्यंत मदतनीस निघून जातो. माझ्या एका मधुमेही रुग्ण बाईंना असेच साडेतीन तास बसवून ठेवले होते. स्वच्छतागृह दूर होते, पाण्याची बाटली सुरक्षातपासणीत काढून घेतली होती आणि भाषेच्या संकोचाने त्यांनी कोणाला काही विचारले नाही. विमानातले जेवण त्यांनी 'वास येतो' म्हणून परत केले होते, सकाळची साखरेची गोळी मात्र नेमाने घेतली होती. हातपाय थरथरू लागले, घाम फुटला. शेजारच्या खुर्चीतल्या एका अनोळखी बाईंनी संत्र्याचा रस पाजला म्हणून निभावले.

यातून काय घ्यावे? मदतनीस सोडून जाण्यापूर्वीच 'आधी स्वच्छतागृह, मग पाणी' असे सांगावे. इंग्रजी येत नसेल तर ही दोन वाक्ये कागदावर मोठ्या अक्षरांत लिहून न्यावीत. रिकामी बाटली सुरक्षातपासणीतून जाते, ती आत गेल्यावर भरून घेता येते. आणि कंबरेच्या किंवा गळ्यातल्या पिशवीत ग्लुकोजच्या गोळ्या किंवा साखरेच्या पुड्या, शेंगदाण्याची चिक्की, दशम्या असे काहीतरी असलेच पाहिजे. वरच्या कप्प्यातल्या बॅगेतले खाणे ऐन वेळी हाती लागत नाही.

घड्याळे दोन, औषधे एक

पश्चिमेकडे जाताना दिवस लांबतो. उन्हाळ्यात न्यूयॉर्क आपल्यापेक्षा साडेनऊ तास मागे असते, कॅलिफोर्निया साडेबारा तास. म्हणजे न्यूयॉर्कला जाणाऱ्याचा तो एक दिवस साडेतेहतीस तासांचा होतो. येताना हेच उलटे होते आणि दिवस साडेचौदा तासांचाच उरतो. रक्तदाबाच्या गोळीला याने फारसा फरक पडत नाही. इन्सुलिन आणि ग्लिमेपिराइडसारख्या साखर उतरवणाऱ्या गोळ्या यांना मात्र मोठाच फरक पडतो. लांबलेल्या दिवसात इन्सुलिन कमी पडू शकते. आखडलेल्या दिवसात दोन मात्रा जवळ येऊन साखर धोकादायक खाली जाऊ शकते. म्हणून परतीचा प्रवास मधुमेह्यासाठी अधिक जोखमीचा असतो, ही गोष्ट सहसा कोणी सांगत नाही. प्रवासभर मनगटावरचे घड्याळ भारताच्या वेळेवर ठेवावे आणि कोणत्या वेळी किती मात्रा घ्यायची, याचा तक्ता आपल्या डॉक्टरांकडून जाण्याचा वेगळा आणि येण्याचा वेगळा लिहून घ्यावा. एक नियम मात्र सर्वांना लागू आहे: जेवणाआधीचे इन्सुलिन ताट समोर आल्याशिवाय टोचू नये. विमान हेलकावू लागले की जेवण तासभर लांबते.

इन्सुलिन मोठ्या बॅगेत कधीही ठेवू नये. सामानाच्या कप्प्यात ते गोठू शकते आणि एकदा गोठलेले इन्सुलिन निरुपयोगी होते. द्रवपदार्थांची शंभर मिलिलिटरची मर्यादा औषधांना लागू नसते. फक्त चिठ्ठी सोबत हवी. सर्वच औषधे हातातल्या बॅगेत, मूळ पाकिटांत ठेवावीत. खाने असलेल्या डबीत सुट्या काढून ठेवलेल्या गोळ्या तपासनिसाला ओळखता येत नाहीत. चिठ्ठी इंग्रजीत, औषधांच्या मूळ नावांसह असावी, कारण आपल्याकडची व्यापारी नावे तिकडे कोणाला कळत नाहीत. पॅरासिटामॉललासुद्धा अमेरिकेत ॲसिटामिनोफेन म्हणतात. साधारण नव्वद दिवसांचा साठा नेता येतो. मुक्काम अधिक असेल तर पुढची व्यवस्था आधीच ठरवून ठेवावी.

संयुक्त अरब अमिरातीमधून जाणाऱ्यांनी दोन बाबतींत विशेष सावध राहावे. झोपेसाठी किंवा मनाच्या अस्वस्थतेसाठी दिली जाणारी अल्प्राझोलाम व डायझेपाम, वेदनेवरचे ट्रॅमाडॉल, कोडीन असलेले खोकल्याचे औषध, यांच्यावर तिथे कडक निर्बंध आहेत. पूर्वपरवानगीविना ती जवळ बाळगणे हा गुन्हा ठरू शकतो. दुसरी वस्तू आपल्या फडताळातली आहे: खसखस. तिथे ती अमली पदार्थांत मोडते. बाळंतिणीसाठी हौसेने वळलेल्या डिंकाच्या लाडवांत खसखस असते हे कोणाच्या ध्यानातही येत नाही. आपण विमानतळाबाहेर पडणार नसलो तरी ही जोखीम कशाला? लाडू खसखशीविना वळावेत. लेकीला त्यातल्या डिंकाचे आणि आईच्या हाताचे अप्रूप असते.

पोटरीकडे लक्ष

चार तासांहून अधिक वेळ पाय लोंबते ठेवून बसल्यास पोटरीच्या खोल शिरेत रक्ताची गाठ होण्याचा संभव वाढतो. वय, स्थूलता, कर्करोग, नुकतीच झालेली शस्त्रक्रिया, पूर्वीची गाठ यांनी तो आणखी वाढतो. उपाय साधे आहेत. कडेचे आसन घ्यावे, दीड-दोन तासांनी उठून चार पावले चालावे, बसल्या जागी दर अर्ध्या तासाने टाचा आणि चवडे आळीपाळीने वीस-पंचवीस वेळा उचलावेत. लघवीला उठावे लागू नये म्हणून पाणी न पिण्याची युक्ती आपल्याकडे सर्रास चालते. ती सोडून द्यावी. लघवी होण्याची गोळी घेणाऱ्यांनी त्या दिवशी ती केव्हा घ्यावी हे विचारून ठेवावे; मनाने बंद करू नये. जोखीम असलेल्यांना गुडघ्याखालचे घट्ट मोजे उपयोगी पडतात, परंतु ते मापाचे हवेत आणि पायांचा रक्तपुरवठा चांगला असल्याची खात्री हवी. शेजाऱ्याने सांगितले म्हणून ॲस्पिरिन सुरू करू नये.

गाठ ही विमानातच त्रास देते असे नाही. माझ्या परिचयातले सत्तरीचे एक गृहस्थ सुखरूप पोहोचले; तिसऱ्या दिवशी डावी पोटरी दुखू लागली. घरात सगळ्यांनी 'प्रवासाचा शीण' म्हणून तेल चोळून दिले. मुलाने सहज म्हणून मला दोन्ही पायांचे छायाचित्र पाठवले. डावा पाय उजव्यापेक्षा स्पष्ट जाड दिसत होता. चोळणे थांबवा आणि आत्ताच्या आत्ता रुग्णालयात न्या, एवढेच मी कळवले. सोनोग्राफीत मोठी गाठ निघाली. ती फुप्फुसात सरकण्याआधी औषध सुरू झाले, म्हणून आज ते नातवाला बागेत नेतात. प्रवासानंतर काही आठवडे तरी एकाच पायाला सूज, दुखणे, गरमपणा किंवा अचानक धाप, छातीत कळ, खोकल्यातून रक्त यांतले काहीही दिसले, तर सकाळची वाट पाहू नये. अमेरिकेत ९११ हा क्रमांक फिरवावा. बिलाच्या भीतीने वृद्ध माणसे तिथे दुखणे लपवतात, हे मला पुरते ठाऊक आहे. त्यासाठीच आरोग्यविमा निघण्यापूर्वी घ्यावा आणि जुन्या आजारांचा त्यात किती समावेश आहे, हे मुलांनी स्वतः वाचून आईवडिलांना मराठीत समजावून सांगावे.

पोहोचल्यावर

झोप ताळ्यावर यायला आठ-दहा दिवस लागतात. पहिले काही दिवस पहाटे दोनला टक्क जाग येते आणि दुपारी तीनला डोळे मिटू लागतात. संध्याकाळच्या उजेडात बाहेर फिरणे हा यावरचा उत्तम उपाय. तिथल्या दुकानांत झोपेची औषधे चिठ्ठीविना मिळतात. त्यांतल्या बहुतेकांत डायफेनहायड्रामिन असते. उतारवयात त्याने भ्रम होतो, तोल जातो, प्रोस्टेट वाढलेल्यांची लघवी तुंबते. ते घेऊ नये. स्मृतिभ्रंशाची सुरुवात झालेल्या माणसाचा गोंधळ नव्या घरात, उलट्या झालेल्या दिवसरात्रीत एकदम वाढतो. अशांना एकटे पाठवूच नये.

बहुतेक घरांत झोपण्याच्या खोल्या वर असतात आणि जिने लाकडी. थंडी वाजते म्हणून पायांत मोजे, डोळ्यांत झोप आणि कडेवर बाळ अशा अवस्थेत जिना उतरणे म्हणजे खुब्याच्या हाडाला आमंत्रणच. घरात रबरी तळाची चप्पल वापरावी आणि जिन्याशी रात्रभर मंद दिवा असावा. दीड वर्षाचे मूल दहा-अकरा किलोंचे असते. त्याला वाकून उचलून मोटारीतल्या आसनात बसवणे हे ठिसूळ हाडांच्या पाठीला झेपणारे काम नाही, हे मुलांना मोकळेपणाने सांगावे. कामाचे तासही पहिल्या आठवड्यातच ठरवून घ्यावेत. दुपारची दोन तास विश्रांती आणि आठवड्यातून एक पूर्ण सुटी यांत मागण्यासारखे काही वावगे नाही. शेजारच्या घरातले मूल पैसे घेऊन सांभाळण्याची विनंती कधी कधी येते. पर्यटक व्हिसावर पैसे घेऊन काम करता येत नाही, तेव्हा ती नम्रपणे नाकारावी.

आता मागे राहिलेल्याविषयी. पुष्कळदा आजी एकट्याच जातात आणि आजोबा घर राखायला राहतात. काहींना चहापलीकडे काही करता येत नाही. अशा घरांत मला चार महिन्यांनी वाढलेली साखर, चुकलेल्या गोळ्या आणि सहा किलो घटलेले वजन सापडते. जाणाऱ्या बाईंनी निघण्याआधी महिनाभर डबा लावून पाहावा, आठवड्याची औषधे खानेवार भरायला यजमानांना शिकवावे आणि रोज ठरलेल्या वेळी दार ठोठावेल असा एक शेजारी नेमून ठेवावा. घराची एक किल्लीही त्याच्याकडे द्यावी. मुलांनी दूरध्वनीवर 'बाबा, बरे आहात ना?' असे विचारण्याऐवजी 'आज काय जेवलात?' असे विचारावे.

परतल्यावर आठवडाभरात दोघांनीही आपल्या डॉक्टरांकडे यावे; येताना तिकडे मोजलेल्या साखरेची व रक्तदाबाची वही आणि तिथल्या डॉक्टरांनी काही औषध बदलले असल्यास त्याचे पाकीट बरोबर आणावे. पूर्वेकडे येताना झोपेचा गोंधळ जातानापेक्षा अधिक दिवस टिकतो, तेव्हा त्या आठवड्यात लग्नमुंजींची आमंत्रणे स्वीकारू नयेत.